मैहरचे बाबा : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ आणि अनाथ मुलांचा वाद्यवृंद

१

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि कलकत्त्याकडून येणारा असे दोन लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांना मिळाले. जबलपूरहून प्रयागकडे जाणाऱ्या याच मार्गावर, कटनी मागे टाकून सतना येण्याच्या आधी, मैहर हे गाव लागते. जबलपूरपासून त्याचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. इंग्रजी अमदानीत हे बघेलखंड एजन्सीतील एका लहान संस्थानाचे ठाणे होते. पुढे विंध्य प्रदेशात, १९५६ नंतर मध्य प्रदेशात आणि २०२३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, अशी त्याची वाटचाल झाली. डोंगरावरील शारदेचे मंदिर आणि उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे वास्तव्य या दोन कारणांनी हे नाव भारतभर ओळखले जाते.

अल्लाउद्दीन खाँ यांची कीर्ती मुख्यतः त्यांच्या शिष्यांच्या द्वारे जगभर पोहोचली. अली अकबर खाँ, रविशंकर, अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही नावे घेतली की विसाव्या शतकातील हिंदुस्थानी वाद्यसंगीताचा फार मोठा भाग डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यामुळे त्यांच्या चरित्राची मांडणीही बहुधा घराण्याच्या अंगाने होत आली आहे : गुरू कोण, तालीम कोणाची, शिष्य कोण, राग कोणते. या मांडणीत मैहर बँडला एखाददुसऱ्या परिच्छेदाची जागा मिळते. वस्तुतः साथीच्या रोगात आईबाप गमावलेल्या, अक्षरओळख नसलेल्या खेड्यापाड्यांतील मुलांना हाताशी धरून त्यांनी उभा केलेला हा वाद्यवृंद त्यांच्या जीवनदृष्टीचा कदाचित सर्वांत स्पष्ट पुरावा ठरेल. दरिद्री आणि निराधार मुलांचे आयुष्य कलेच्या बळावर सावरता येते काय, आणि सावरता येत असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न आजही समाजकार्याच्या आणि कलाशिक्षणाच्या क्षेत्रांत विचारला जातो. मैहर येथे त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच प्रत्यक्ष कृतीने दिले गेले. ते उत्तर समजून घ्यावयाचे तर त्या माणसाचे बालपण आधी पाहावे लागते.

२

अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म पूर्व बंगालमधील शिवपूर या खेड्यात झाला. हे गाव त्या काळच्या त्रिपुरा जिल्ह्यात होते. आज ते बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया जिल्ह्यात येते. जन्मवर्षाविषयी एकमत नाही. १८६२ आणि १८८१ ही दोन्ही वर्षे दिली जातात. एकाच माणसाच्या वयात एकोणीस वर्षांचा फरक पडावा, यावरून ज्या स्तरात तो जन्मला तेथे जन्माची नोंद ठेवण्याची रीत कितपत होती याची कल्पना येते. घर शेतकऱ्याचे आणि मुसलमानाचे. तथापि त्या घरात संगीत होते. वडील सतार वाजवीत. थोरले बंधू आफताबुद्दीन हे बासरी आणि दोतारा वाजविणारे, फकिरी वृत्तीचे कलावंत. हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांत त्यांना मान होता. धाकटे बंधू आयेत अली खाँ हेही पुढे नामवंत वादक झाले. बंगालच्या त्या भागात बाऊल, कीर्तन, जारी, भाटियाली अशा गायनपरंपरा एकमेकींना खेटून नांदत होत्या, आणि गावच्या शिवमंदिरातील संगीत ऐकण्यासाठी शाळा चुकविणारा मुलगा अशी अल्लाउद्दीन यांची लहानपणची ओळख सांगितली जाते.

दहा वर्षांचेही वय झाले नसेल तोच ते घर सोडून पळाले आणि एका जात्रा मंडळीबरोबर हिंडू लागले. जात्रा हा बंगालचा लोकनाट्यप्रकार. मराठी वाचकाला तमाशा आणि दशावतार यांच्या आधाराने त्याची कल्पना करता येईल. गावोगाव फिरणाऱ्या अशा मंडळ्यांत ढोल, सनई, झांजा, गाणे आणि सोंग हे सारे एकाच अंगणात शिकावयास मिळते. तेथे कोणी कोणाची जात किंवा कूळ फारसे विचारीत नाही. ज्याला काही वाजविता येते त्याला जेवण मिळते. पोटासाठी आणि आवडीसाठी केलेली कला यांतील भेद या मुलाच्या अनुभवात आरंभापासूनच नव्हता.

पुढे कलकत्त्यास आल्यावर त्यांनी जे दिवस काढले ते शहरात हरवलेल्या कोणत्याही निराधार मुलाचे दिवस होते. अन्नछत्रात एक वेळ जेवावे, गंगेचे पाणी प्यावे आणि एखाद्या दवाखान्याच्या ओसरीवर निजावे, असा तो क्रम होता. या अवस्थेतून ते गोपालकृष्ण भट्टाचार्य ऊर्फ नुलो गोपाल या ध्रुपदिया गायकापाशी पोहोचले. बारा वर्षे केवळ स्वरसाधना करावयाची, अशी गुरूची अट होती. अल्लाउद्दीन यांनी ती पत्करली; परंतु सात वर्षे झाली असता गुरू प्लेगला बळी पडले. एका साथीने त्यांचा पहिला आधार हिरावून नेला. पुढील आयुष्यात दुसऱ्या एका साथीने निराधार केलेली मुले त्यांच्या दाराशी आली, तेव्हा या पूर्वानुभवाचा ठसा त्यांच्या मनावर नसेल असे मानणे कठीण आहे.

गुरूच्या निधनानंतर गायन सोडून ते वाद्यांकडे वळले. स्वामी विवेकानंदांचे नातेवाईक अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त हे त्या काळी कलकत्त्याच्या रंगभूमीसाठी वाद्यवृंद चालवीत. त्यांच्यापाशी अल्लाउद्दीन यांनी अनेक वाद्ये हाताळली. ईडन गार्डनमधील बँडचे प्रमुख लोबो हे गोमंतकीय ख्रिस्ती. त्यांच्याकडून त्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन मिळाले. हजारी उस्ताद यांच्याकडून सनई आणि नगारा. नाटककार गिरीशचंद्र घोष यांच्या रंगमंचावर त्यांनी वादक म्हणून नोकरी धरली, आणि तेथे त्यांना प्रसन्न विश्वास असे हिंदू नाव देण्यात आले. बंगाली नाट्यसृष्टी, लष्करी धर्तीचा बँड, ध्रुपद, मंगलवाद्ये आणि जात्रा ही सामग्री एकाच तरुणाच्या हाती अशा रीतीने गोळा झाली. मैहर बँडची घडण ज्या मिश्रणातून झाली ते मिश्रण कलकत्त्याच्या या वर्षांतच तयार होत होते.

३

यानंतरचा काळ हा बंद दारांशी झगडण्याचा काळ होय. मुक्तागाछा येथील जमीनदार जगत्किशोर आचार्य यांच्याकडे त्यांनी अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकला आणि आजवर शिकलेले सारे त्यांना अपुरे वाटले. अहमद अली यांची सेवाचाकरी करीत ते रामपूरपर्यंत गेले. रामपूर दरबारात तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वजीर खाँ होते. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचणे एका अनोळखी बंगाली तरुणाला अशक्यप्राय होते. अखेरीस नबाब हमीद अली खाँ यांच्या गाडीसमोर स्वतःला झोकून देऊन त्यांनी नबाबांचे लक्ष वेधून घेतले आणि नबाबांच्या मध्यस्थीने गंडाबंधन झाले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. गंडा बांधल्यावरही प्रत्यक्ष तालीम सुरू होण्यास काही वर्षे लोटली. घराण्याची विद्या मुलाला आणि नातवाला द्यावयाची, बाहेरच्याला तिचा एखादा कण मिळाला तर मिळाला, अशी तेव्हाची रीत होती. विद्येची चोरी होऊ नये म्हणून उत्तम तेवढे राखून ठेवण्याची वृत्ती केवळ रामपूरची नव्हती. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर येथील गवयांच्या आठवणींतही तिच्या खुणा आढळतात, आणि महाराष्ट्रातून ग्वाल्हेरकडे गेलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या विद्यार्थ्यांनी तिचे चटके सोसले होते.

विद्या अडवून धरली जाते तेव्हा माणसाचे काय होते, हे अल्लाउद्दीन खाँ यांनी असे अंगावर घेतले. अशा अनुभवानंतर दोन मार्ग संभवतात. कष्टाने मिळविलेले धन अधिकच घट्ट मुठीत धरावे, हा एक. मूठ उघडावी, हा दुसरा. खाँसाहेबांनी पुढे जे केले त्यावरून त्यांनी दुसरा मार्ग निवडला, हे स्पष्ट दिसते. त्यांच्या शिष्यांत बंगाली हिंदू, मुसलमान, मराठी, स्त्री, पुरुष, श्रीमंत घरचे आणि फुटक्या कवडीचे असे सारे होते. वाईस जन्मलेले व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनीही त्यांच्याकडून मार्गदर्शन घेतले होते.

४

१९१८ मध्ये मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांनी अल्लाउद्दीन खाँ यांना आपल्या दरबारी आणले आणि स्वतः त्यांचे शिष्यत्व पत्करले. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची महाभयंकर साथ हिंदुस्थानभर पसरली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील मृत्यूचे प्रमाण देशातील सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी होते, आणि लगतच्या संस्थानांची स्थितीही याहून निराळी असण्याचे कारण नव्हते. त्या वर्षी पाऊस ओढला गेला होता, धान्य महागले होते, आणि साथीने नेमके तरुण, कर्ते स्त्रीपुरुष अधिक उचलले. त्यामुळे मागे राहिली ती म्हातारी माणसे आणि लहान मुले. मैहरच्या परिसरातील अशा पोरक्या मुलांना राजाश्रयाने एकत्र करण्यात आले, आणि त्यांना वाद्ये शिकविण्याचे काम दरबारच्या नव्या उस्तादाने अंगावर घेतले. मैहर बँडचा आरंभ हा असा आहे.

या घटनेचे वेगळेपण ध्यानी यावे म्हणून त्याच प्रदेशातील आणखी दोन घटना शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. १८३० नंतरच्या दशकात स्लीमन याच्या ठगीविरोधी मोहिमेचे एक मोठे केंद्र जबलपूर हे होते. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले यांच्यासाठी तेथे उद्योगशाळा काढण्यात आली. तीत तंबू आणि सतरंज्या विणण्याचे काम शिकविले जाई, आणि तेथील मालाला चांगले नाव होते. परंतु ती शाळा कोंडवाड्याच्या भिंतींच्या आत होती. बापाच्या गुन्ह्याचा वारसा मुलाकडे जातो, या समजुतीवर तिची उभारणी झालेली होती, आणि हाताला काम देणे हा देखरेखीचाच एक प्रकार होता. दुसरी घटना १८९६–९७ च्या दुष्काळातील. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि तेथून सुमारे तीनशे निराधार स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यातूनच झाला. तेथे वाचन, शिवण, विणकाम, छपाई असे पोट भरण्याचे शिक्षण दिले जाई. रमाबाईंचे कार्य करुणेचे होते आणि जबलपूरची शाळा शासनाची. तरी दोन्ही ठिकाणी निराधार मुलासाठी योग्य शिक्षण म्हणजे हस्तोद्योग, हे गृहीत समान होते. मैहर येथे हे गृहीत बदलले. तेथे अनाथ मुलाच्या हाती दिले गेले ते राजदरबारात ऐकले जाणारे संगीत.

५

बँड हा शब्द या ठिकाणी जरा फसवा आहे. संस्थानिकांनी इंग्रजी लष्कराच्या नकलेने पाळलेले पितळी वाद्यांचे ताफे त्या काळी सर्वत्र होते. मैहर येथे सतार, सरोद, इसराज, जलतरंग, हार्मोनियम, तबला आणि ढोलक यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट व पियानो अशी वाद्ये एकत्र बसविली गेली. काही वाद्ये खाँसाहेबांनी स्वतः नवी घडविली : सतार-बँजो, चंद्रसारंग, आणि बंदुकीच्या निकामी नळ्या लांबीनुसार कापून केलेला नळतरंग. संस्थानच्या शस्त्रागारातून आलेल्या नळ्यांवर मुले गत वाजवू लागली. या वाद्यसंचासाठी त्यांनी पुष्कळ रचना बांधल्या. काही शुद्ध रागांत, काही लोकगीतांच्या आणि ऋतुगीतांच्या चालींवर, काहींत पाश्चात्त्य नृत्यतालांची वळणे. हिंदुस्थानी संगीत हे स्वभावतः एकट्या कलावंताचे. अनेकांनी मिळून तेच वाजवावयाचे तर आलापाचा मोकळेपणा आवरावा लागतो आणि बांधलेल्या गतीला प्राधान्य द्यावे लागते. ती तडजोड त्यांनी केली, आणि तिचा फायदा असा झाला की वर्षानुवर्षांची तयारी नसलेले मूलही आपल्या आवाक्यातील एखादी ओळ वाजवून पूर्ण कृतीत सहभागी होऊ शकले.

शिक्षणाची पद्धती मौखिक होती. मुलांना वाचता येत नव्हते; त्यामुळे प्रत्येक रचना कानाने घ्यावयाची आणि स्मरणात ठेवावयाची. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात काही नवल वाटणार नाही. वेदपाठ, कीर्तन, पोवाडा, पांडवानी या साऱ्या परंपरा स्मृतीवर उभ्या आहेत. परंतु त्या परंपरांत स्मृती ही कुळाची किंवा जातीची मालमत्ता असे. मैहरच्या मुलांना कुळच उरले नव्हते. त्यांची स्मृती सामूहिक होती : एकजण विसरला तर शेजारचा आठवण करून देई, आणि रचना जिवंत राही ती सर्वांच्या मिळून. या अर्थाने बँड हेच त्यांचे कूळ झाले.

एकोणीसशे वीसनंतरच्या दशकाच्या मध्यावर विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौ येथे अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या. तेथे मैहर बँडचे वादन झाले आणि एका आडबाजूच्या संस्थानातील या मुलांची ओळख देशातील जाणकारांना झाली. भातखंडे यांचा उल्लेख येथे अनेक कारणांनी अर्थपूर्ण आहे. १९१८ या वर्षीच ग्वाल्हेर येथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज. त्याआधी १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले होते. संगीत कोठीवरून आणि दरबारातून काढून समाजात आणण्याचे मोठे कार्य या दोन महाराष्ट्रीय पुरुषांनी केले. त्यांपैकी पलुसकरांच्या उपदेशक वर्गाचे मैहरशी साम्य अधिक जवळचे आहे. गरीब घरची मुले नऊ वर्षांच्या कराराने घ्यावयाची, त्यांना अन्न, वस्त्र आणि विद्या मोफत द्यावयाची, आणि बदल्यात त्यांनी संगीताचा प्रसार करावयाचा, अशी ती योजना होती. ओंकारनाथ ठाकूर यांच्यासारखा अत्यंत गरिबीतून आलेला मुलगा तिच्यामुळेच देशाचा गायक झाला. फरक असा की पलुसकर आणि भातखंडे यांना संगीताला प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची होती. त्यासाठी त्यांनी सुशिक्षित मध्यमवर्गाकडे पाहिले, पाठ्यपुस्तके लिहिली, स्वरलेखन सिद्ध केले. खाँसाहेबांच्या समोर प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. त्यांच्या समोर उपाशी मुले होती.

६

या कार्याचे मूल्यमापन करताना त्याची काळी बाजू झाकून चालणार नाही. अल्लाउद्दीन खाँ अत्यंत कोपिष्ट होते. वाद्य सुरात नसले, बोल चुकला, रियाजात कुचराई झाली की हातात येईल ते फेकून मारण्यास ते मागेपुढे पाहत नसत. राजेसाहेबही त्यांच्या रागातून सुटले नाहीत, असे सांगितले जाते. पुत्र अली अकबर यांच्या वाट्याला तर अपार मार आला, आणि एकदा ते घर सोडून पळालेही. १९३८ मध्ये युरोपातील झगमगाट सोडून रविशंकर मैहर येथे आले. त्यांनाही या कठोरपणाची झळ लागली, जरी बाबांनी त्यांना इतरांपेक्षा पुष्कळ सांभाळून घेतले. नामांकित घरचा शिष्य रागावून निघून जाऊ शकतो. त्याची समजूत काढावयास कोणीतरी असते. अनाथ मुलाला जाण्यासाठी दुसरे ठिकाण नसते. त्यामुळे ज्या शिस्तीने मैहरचे सूर घडविले तिचा भार सर्वांवर सारखा पडला असे म्हणता येत नाही. आजच्या बालशिक्षणाच्या कसोट्यांवर ही पद्धती उतरणार नाही, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. त्याबरोबरच हेही नोंदविले पाहिजे की हाच माणूस त्या मुलांच्या खाण्यापिण्याची आणि आजारपणाची काळजी वाहत असे, स्वतः कमालीचा साधा राही, आणि मोबदल्यासाठी विद्या विकणे त्याला ठाऊक नव्हते.

त्यांच्या घरातील एक शोकांतिकाही या संदर्भात आठवावी लागते. थोरली कन्या जहाँआरा हिला त्यांनी संगीत शिकविले होते; लग्नानंतर सासरी त्या विद्येपायीच तिचा छळ झाला आणि ती लवकरच निवर्तली. त्या दुःखाने त्यांनी धाकट्या मुलीला, म्हणजे १९२७ मध्ये जन्मलेल्या अन्नपूर्णा यांना, शिकवावयाचे नाही असे ठरविले. पुढे भावाच्या वादनातील चूक ती लहान मुलगी गाऊन दुरुस्त करीत असताना त्यांनी ऐकले आणि निश्चय मोडला. कलेने आयुष्य उजळते, हे विधान सर्वत्र खरे ठरत नाही. समाज ती कला स्वीकारावयास सिद्ध नसेल तर तीच कला शिकणाऱ्याच्या गळ्याभोवती फास होऊ शकते. जहाँआराच्या मृत्यूने हे बाबांना शिकविले, आणि तरीही त्यांनी शेवटी शिकविण्याच्याच बाजूने कौल दिला. अन्नपूर्णादेवींनी पुढे मुंबई येथे, मैफलीपासून दूर राहून, २०१८ मधील आपल्या निधनापर्यंत हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य घडविले.

७

बँडचा प्रभाव मैहरच्या सीमेबाहेर अनेक वाटांनी गेला. तिमिर बरन हे खाँसाहेबांचे शिष्य. मैहर येथील वृंदवादन पाहून त्यांनी कलकत्त्यास स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि पुढे उदयशंकर यांच्या नृत्यमंडळींचे संगीत सांभाळले. त्याच मंडळींत पलुसकरांचे शिष्य विष्णुदास शिराळी हेही होते. अशा प्रकारे गांधर्व महाविद्यालय आणि मैहर हे दोन प्रवाह पॅरिसच्या रंगमंचावर एकत्र आले. स्वतः अल्लाउद्दीन खाँ १९३५–३६ मध्ये उदयशंकर यांच्याबरोबर युरोपात गेले, आणि काही काळ त्यांच्या अल्मोडा येथील केंद्रातही त्यांनी अध्यापन केले. १९५२ मध्ये आकाशवाणीने राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला, तेव्हा त्याच्या संचालकांपैकी एक रविशंकर होते. भारतीय वाद्यांचे वृंदवादन ही आज सवयीची झालेली कल्पना. तिच्या मुळाशी मैहरच्या पोरक्या मुलांनी केलेला सराव आहे, याचे स्मरण फारसे ठेवले जात नाही.

येथे एक अप्रिय प्रश्न उद्भवतो. ज्या गुरूने अनाथांना शिकविले त्याच गुरूच्या हाताखाली जगद्विख्यात कलावंत तयार झाले. परंतु या दोन याद्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. बँडमधील मुलांपैकी कोणाचेही नाव अली अकबर किंवा रविशंकर यांच्या शेजारी घेतले जात नाही. घराण्याच्या शिष्याला रागाची खोली आणि एकट्याने मैफल पेलण्याची तयारी मिळाली. बँडच्या मुलाला ठरलेली रचना आणि ठरलेली जागा. या विषमतेचे एक कारण सामाजिक आहे : दीर्घ रियाजासाठी लागणारी उसंत, प्रवासाची सोय, ओळखीपाळखी आणि इंग्रजी बोलण्याची हातोटी ही सारी साधने ज्यांच्याकडे होती तेच पुढे जाऊ शकले. दुसरे कारण उद्दिष्टातच होते. बँडचा हेतू महान कलावंत घडविणे हा नव्हता. मुलाला अन्न मिळावे, कौशल्य मिळावे, दरबारची नोकरी लागावी आणि गावात त्याला मान मिळावा, हा होता. आणि तो सफल झाला. भीक मागणे किंवा वेठ करणे हीच ज्यांच्या पुढची वाट होती त्यांना वादक हे नाव लाभले. कलेच्या द्वारे वंचितांचा उद्धार अशी भाषा वापरताना या दोन उद्दिष्टांची गल्लत होते. एखादे मूल उंच गेले म्हणून बाकीच्यांचे भले झाले असे होत नाही. आणि कोणी फार उंच गेले नाही म्हणून सर्वांचे प्रयत्न वाया गेले असेही होत नाही.

८

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि बँडचा आश्रयदाता उरला नाही. देशभरातील संस्थानी गवई आणि वादक त्या काळात अकस्मात बेकार झाले. मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, बडोदे येथील कलावंतांनीही तो काळ अनुभवला. मैहर बँड टिकला तो शासनाने त्याचा भार उचलल्यामुळे. १९५५ मध्ये खाँसाहेबांनी मैहर येथे संगीत महाविद्यालय सुरू केले. राजा गेला तरी शिक्षण चालू राहावे, एवढी तरतूद त्यांनी वृद्धापकाळी केली. मूळ मुलांची पिढी सरली, त्यांच्या जागी दुसरे वादक आले. काही रचना जुन्या माणसांबरोबर लोपल्या, कारण त्या कागदावर नव्हत्या. मौखिक परंपरेची ही किंमत असते.

मानसन्मान उशिरा पण भरभरून आले. १९५२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९५४ मध्ये अकादमीची रत्नसदस्यता, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६१ मध्ये विश्वभारतीची देशिकोत्तम ही पदवी, १९७१ मध्ये पद्मविभूषण. ऋत्विक घटक यांनी १९६३ मध्ये त्यांच्यावर अनुबोधपट केला. शांतिनिकेतन येथील वास्तव्यात त्यांनी आपल्या आयुष्याची कहाणी बंगालीत सांगितली आणि शुभमय घोष यांनी ती लिहून घेतली; ‘आमार कथा’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या पुस्तकाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. पूर्व बंगालच्या बोलीत, आठवेल तसे सांगितलेले हे आत्मकथन बंगालीतील सुविद्य आत्मचरित्रांच्या ओळीत सहज बसणारे नाही. मराठीत दलित आत्मकथनांनी ज्या अनुभवांना वाङ्मयात जागा मिळवून दिली, त्यांतील भूक, पायपीट, अपमान आणि शिकण्याची तहान हे घटक येथेही आहेत. मात्र येथे सामाजिक रोषाची जागा गुरुभक्तीने घेतलेली दिसते, आणि या फरकाची कारणमीमांसा तौलनिक अभ्यासाला आव्हान देणारी आहे.

खाँसाहेब पाच वेळा नमाज पढत आणि मैहरच्या शारदेलाही मनोभावे भजत. यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. त्यांच्या बँडमध्ये कोणत्या घरचे मूल आले याची विचारपूस झाली नाही, ती याच वृत्तीमुळे. पत्नी मदिना बेगम यांच्या नावाशी जोडलेला मदनमंजरी हा राग, तसेच हेमंत, माँझ खमाज, हेमबिहाग यांसारखे राग त्यांच्या नावावर आहेत. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. पुढे मध्य प्रदेश शासनाने १९७९ मध्ये त्यांच्या नावाने संगीत व कला अकादमी स्थापन केली.

अल्लाउद्दीन खाँ यांनी बालसंगोपनाविषयी किंवा समाजसुधारणेविषयी कोणताही सिद्धांत मांडला नाही. स्वतः अन्नछत्रात जेवून शिकलेल्या माणसाने आपल्यासारख्या मुलांना जे येत होते ते शिकविले, इतकेच त्याचे स्वरूप होते. परंतु त्या कृतीमागे एक ठाम विचार होता : गरिबाच्या मुलाला हलक्या प्रतीचे शिक्षण पुरे, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. तानसेनाच्या वंशजाकडून इतक्या कष्टाने मिळविलेली विद्या निरक्षर, पोरक्या मुलांपुढे मांडताना त्यांनी ती पातळ केली नाही. मुलांच्या हातांना पेलेल अशी तिची नवी मांडणी केली. कला आणि वंचित मुले यांची सांगड घालू पाहणाऱ्या कोणत्याही प्रयत्नाला हा फरक ओळखावा लागेल. मैहर बँडचे वादक आजही बाबांच्या रचना वाजवितात. ज्या मुलांनी त्या प्रथम वाजविल्या त्यांची नावे संगीताच्या इतिहासात क्वचितच सापडतात. ती शोधून काढण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.